सूनबाईंच्या रजेत फार्मासिस्ट शोधताना : एका मेडिकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर असलेल्या तालुक्याच्या गावातलं हे मेडिकल. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथंही अण्णाच.

अण्णा स्वतः फार्मासिस्ट नाहीत. दुकान उघडलं तेव्हा पगारी फार्मासिस्ट ठेवला होता. पुढं मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा 'मुलगी डी. फार्म. (फार्मसीची पदविका) असावी' ही पहिली अट. यात नवल काहीच नाही, मेडिकलवाल्यांच्या घरात पत्रिकेआधी मार्कशीट बघतात. सूनबाई आल्या, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये त्यांची नोंदणी होतीच. दुकानाच्या औषधविक्रीच्या, म्हणजे नमुना २० आणि २१ च्या परवान्यांवर जबाबदार फार्मासिस्ट म्हणून त्यांचं नाव चढलं. नुसतं नाव नाही, त्या खरोखर काउंटरवर उभ्या राहायच्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये नीट आहे का, एक्सपायरी जवळ आलेल्या पट्ट्या पुढं घेतल्या का, हे त्याच बघायच्या.

तिसरा माणूस बाळू. बारावी कला शाखा, नऊ वर्षं दुकानात. कुठली गोळी कुठल्या खणात, कुठल्या होलसेलरची गाडी कधी येते, कुणाची उधारी किती, सगळं त्याच्या डोक्यात.

अडचण

सूनबाईंना सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. ठरलेल्या वेळेच्या दोन महिने आधीच त्या माहेरी गेल्या. दुकान एका दिवसात फार्मासिस्टविना झालं.

कायद्याची चौकट इथं मोघम नाही. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कुणी देऊ नयेत. औषधे नियम १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यातला ६५ वा नियम म्हणतो की विक्री त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी. परवान्याच्या अटींतच लिहिलेलं असतं की जबाबदार तांत्रिक माणूस बदलला तर एका महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्याला कळवायचं. पूर्वी कलम ४२ चा दंड हजार रुपयांपर्यंत होता, म्हणून त्याची कुणी फारशी फिकीर करत नसे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो लाखांच्या घरात नेला.

म्हणजे अण्णांच्या हातात महिनाभर होता. पण तो महिना कळवण्यासाठी होता, फार्मासिस्टशिवाय विक्री करण्यासाठी नव्हे. ही गफलत फार जणांची होते.

समोरचे पर्याय

पहिला मार्ग सगळ्यात सोपा : कुणालाच काही न सांगणं. भिंतीवर सूनबाईंचं प्रमाणपत्र आहे, काउंटरवर बाळू आहे, चार-सहा महिन्यांत त्या परत येतील. अण्णांचा कल इकडंच होता. अडवलं ते सूनबाईंनी, फोनवरून. "मामा, माझं नाव तिथं आणि मी इथं पलंगावर. उद्या काही चुकीचं गेलं तर नोटीस माझ्या नावानं येणार. तुम्ही आधी कळवून टाका, मग बाकीचं बघू."

दुसरा मार्ग 'सर्टिफिकेट लावण्याचा'. एका स्टॉकिस्टच्या माणसानं दोन दिवसांत नाव आणलं. पोरगा चाकणला कंपनीत कामाला, नोंदणी चालू, महिन्याला ठरावीक रक्कम दिली की प्रमाणपत्र फ्रेम करून पाठवतो म्हणाला. इन्स्पेक्टर आले तर 'आत्ताच जेवायला गेलेत' म्हणायचं. ही पद्धत किती मुरलेली आहे हे वेगळं सांगायला नको. महेश झगडे एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीवर मोहीम निघाली, तेव्हा सगळ्यात मोठी ओरड याच मुद्द्यावर झाली होती. पण फार्मसी प्रॅक्टिस विनियम २०१५ प्रमाणे दुकानात न बसता प्रमाणपत्र देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि कलम ३६ खाली कौन्सिल त्यासाठी नाव नोंदवहीतून काढू शकते. दुकानदाराचा परवाना धोक्यात जातो तो वेगळाच.

तिसरा मार्ग तात्पुरता माणूस. गावातच सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेले एक फार्मासिस्ट राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात. नोंदणीचं नूतनीकरण त्यांनी निवृत्तीनंतरही चुकवलेलं नाही. "बसायचं असेल तर बसतो, नुसतं नाव देणार नाही, आणि दुपारी झोपतो," ही त्यांची अट.

चौथा मार्ग कायमचा पगारी फार्मासिस्ट. बेळगावकडचा एक तरुण ओळखीतून आला होता. मराठी घरातला, कर्नाटकात नोंदणी, 'दोन वर्षं मेडिकलचा अनुभव'.

शेवटी तिसरा आणि चौथा मिळून ठरलं. सरांचं नाव एफडीएला कळवलं. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ पूर्ण दुकान चालू, मधल्या वेळात चिठ्ठीची औषधं बंद. पॅड, बेबी पावडर, बँडेज एवढंच द्यायचं. पहिल्या आठवड्यात दुपारची दोन-तीन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, तेव्हा अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता.

उमेदवाराची चौकशी

या भागावर जरा थांबायला हवं, कारण तपासणी म्हणजे काय याची बहुतेकांची कल्पना कागद बघण्यापुरतीच असते.

पहिला प्रश्न नोंदणीचा. उमेदवाराकडं कर्नाटक कौन्सिलचं प्रमाणपत्र होतं, अस्सल दिसत होतं. अण्णांचा मुलगा म्हणाला, भारतभर चालतं. चालत नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'नोंदणीकृत फार्मासिस्ट' म्हणजे ज्या राज्यात तो राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्याच्या नोंदवहीत ज्याचं नाव आहे तो. दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीमुळं इथं नोंदणी मिळण्याचा हक्क येतो, पण ती करून घ्यावी लागते. सीमाभागात ही चूक सर्रास होते, कारण इथं लोक, सोयरीक आणि एसटी रोज हद्द ओलांडतात, नोंदवही ओलांडत नाही.

दुसरा प्रश्न नोंदणी चालू आहे का. प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत हे सांगत नाही. बेंगळुरूच्या कौन्सिलकडं क्रमांक देऊन विचारणा केली. उत्तर आलं : प्रमाणपत्र खरं, नाव खरं, पण नूतनीकरण शुल्क थकलेलं. हा गुन्हा नाही, शुल्क भरून नाव पुन्हा चढवता येतं. पण ज्या काळात शुल्क थकलं होतं, त्या काळातलाही 'अनुभव' अर्जात लिहिला होता. इथं पहिल्यांदा खटकलं.

तिसरी गोष्ट पोलीस पडताळणी. फार्मासिस्ट किंवा दुकानातला मदतनीस ठेवताना ती सक्तीची आहे असं औषध कायद्यात कुठं नाही. तरी मुलाच्या आग्रहानं उमेदवाराला त्याच्या गावच्या हद्दीतून चारित्र्य प्रमाणपत्र काढायला सांगितलं, आणि बाळूलाही इकडं. दोन्ही प्रमाणपत्रं कोरी आली. पोलिसांच्या दप्तरात गुन्हा असेल तर दिसतो. कुणी प्रमाणपत्र भाड्यानं दिलं, कुणाच्या दुकानात साठा जुळला नाही, हे त्या दप्तरात नसतं. औषध विभागानं केलेली कारवाईसुद्धा तिथं सापडेलच असं नाही. पोलीस, औषध विभाग आणि कौन्सिल ही तीन खाती आहेत आणि एकाला दुसऱ्याचं आपोआप कळत नाही.

चौथी गोष्ट आधीच्या मालकाला फोन. मुलानं केला. "कसा आहे हो मुलगा?" "चांगला हाय की." संपलं. मग सरांनी स्वतः फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला : "तुमच्याकडं तो बसत होता का, की नुसतं नाव होतं?" पलीकडं थोडा वेळ आवाज नाही. मग, "सर, तुम्हीपण याच धंद्यातले. काय सांगायचं आता."

एवढं पुरेसं होतं. उमेदवाराला बोलावून समोर विचारलं. त्यानं लपवलं नाही. डी. फार्म. झाल्यावर त्याला औषध कंपनीत एमआरची (डॉक्टरांकडं फिरणाऱ्या प्रतिनिधीची) नोकरी लागली. ओळखीच्या दुकानदारानं प्रमाणपत्र मागितलं, महिन्याला पैसे यायचे. मग त्या दुकानावर तपासणी झाली, झोपेच्या गोळ्यांची विक्री चिठ्ठीशिवाय सापडली, दुकान काही दिवस बंद राहिलं. यानं प्रमाणपत्र काढून घेतलं आणि घाबरून नूतनीकरणही सोडलं. म्हणजे अनुभव शून्य, आणि कागदावर गैरवर्तन.

पहिला निर्णय : ठेवायचा की नाही

मुलाचं मत : खोटा अनुभव लिहिला, नको. अण्णांचं मत : आता पगार कमी द्यावा लागेल, घ्या. सरांनी उलटच बाजू काढली. "अनुभव नाही म्हणजे वाईट सवयीपण नाहीत. डी. फार्म.च्या पाचशे तासांच्या ट्रेनिंगमध्ये पोरं काउंटरवर हिशेब शिकतात, औषध नाही. हा माझ्याजवळ शिकेल." सूनबाईंनी अटी घातल्या : आधी थकलेलं शुल्क भर, बेंगळुरूच्या कौन्सिलकडून नोंदणी चांगल्या स्थितीत असल्याचं पत्र आण, मग मुंबईच्या कौन्सिलकडं अर्ज कर. नोंदणी हातात पडेपर्यंत चिठ्ठीचं एकही औषध तू द्यायचं नाहीस. आणि जे झालं ते नेमणुकीच्या फायलीत तुझ्या सहीनं लिहून ठेव.

ही शेवटची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. उद्या कौन्सिलनं किंवा एफडीएनं विचारलं तर दुकानाला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणण्याची वेळ येत नाही, आणि माणसालाही ते डोक्यावर घेऊन फिरावं लागत नाही. माझ्या मते त्याला ठेवणं योग्य होतं. मुलाचा आक्षेप मात्र चुकीचा नव्हता.

मग सापडलेली तूट

नोंदणी येईपर्यंत नव्या माणसाला द्यायला काम नव्हतं. सरांनी त्याला एच-१ चं कपाट मोजायला बसवलं.

अनुसूची एच-१ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात वरच्या पिढीतली काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, झोल्पिडेमसारखी सवय लावणारी औषधं येतात. प्रत्येक विक्रीला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

त्यानं चार गोष्टी शेजारी मांडल्या : होलसेलरची बिलं, सॉफ्टवेअरमधली विक्री, रजिस्टर आणि कपाट. अल्प्राझोलामच्या ०.५ मिलिग्रॅमच्या तीन महिन्यांत ४० पट्ट्या आल्या. रजिस्टरमध्ये १९ गेल्या. कपाटात ७. म्हणजे १४ चा हिशेब नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या ८ ची बिलं सापडली, पण गिऱ्हाइकाच्या जागी 'कॅश' आणि डॉक्टरांच्या रकान्यात शेजारच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं नाव. सॉफ्टवेअर डॉक्टरांचं नाव घातल्याशिवाय बिल पुढं सरकू देत नाही, म्हणून कधीतरी कुणीतरी ते नाव कायमचं बसवून ठेवलं होतं. त्या डॉक्टरांना याचा पत्ताही नव्हता. त्यांनी न लिहिलेल्या झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने त्यांच्या नावावर जात होत्या.

उरलेल्या ६ पट्ट्या ना बिलात, ना रजिस्टरमध्ये, ना कपाटात.

अण्णांना विचारलं तर त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "अरे, ते निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून झोप नाही माणसाला. चिठ्ठी आहे की त्यांची." होती, पण दोन वर्षांपूर्वीची. चिठ्ठीवर पुन्हा देण्याचं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते, हे नियम ६५ मध्येच आहे. मास्तरांसारखे आणखी चार-पाच जण निघाले. बाळू म्हणाला, "अण्णांनी सांगितलं तसं दिलं." आणखी खोदलं तेव्हा, "एक-दोन ओळखीच्यांना मीपण दिली असतील." पुढं तो बोलला नाही.

दुसरा निर्णय : रजिस्टरचं काय करायचं

इथं खरा कस लागला. अण्णांच्या एका मित्राचा सल्ला : मागच्या तारखा टाकून नावं भरा, कोण बघतंय. दुसऱ्याचा : बाळूवर ढकला, काढून टाका, पोलिसांत द्या.

दुसऱ्या सल्ल्यात कायद्याचा एक धागा होता, म्हणून तो मोहक वाटत होता. नियम ६६ प्रमाणे चूक नोकराची असेल आणि मालकानं सिद्ध केलं की आपली फूस नव्हती, आधीच्या बारा महिन्यांत तसंच काही घडलेलं नव्हतं, आणि सतत चालू असलेल्या गोष्टीची आपल्याला माहितीही नव्हती, तर परवाना निलंबित किंवा रद्द होत नाही. पण इथं मालकाला माहिती होती, मालकानंच सांगितलं होतं. शिवाय दुकानात सगळे एकाच लॉगिननं बिल फाडायचे, त्यामुळं कुठलं बिल कुणाच्या हातचं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाळूवर आरोप करणं खोटं ठरलं असतं आणि उपयोगाचंही नव्हतं.

मागच्या तारखा भरायला नव्या फार्मासिस्टनं नकार दिला. सरांनी नंतर सांगितलं की त्यांना आधी भीती होती, पोरगा हो म्हणेल. त्यांनी मुद्दाम त्याच्यावरच सोडलं होतं.

शेवटी केलं ते असं. त्या दिवसाची तारीख टाकून एच-१ च्या रजिस्टरमध्ये तूट जशी आहे तशी लिहिली, तिघांच्या सह्या घेतल्या. डॉक्टरांचं बसवलेलं नाव सॉफ्टवेअरमधून काढलं आणि मुलानं जाऊन त्यांना सांगितलं. ते चिडले, साहजिक आहे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. एच-१ च्या कपाटाची किल्ली फक्त फार्मासिस्टकडं, अण्णांकडंही नाही. मास्तरांना मुलगा स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. एवढ्या काळानंतर गोळी एकदम बंद करणं बरं नाही, ती कमी कशी करायची हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं, हे सरांनी बजावलं होतं.

एफडीएला आपणहून कळवायचं का, यावर एकमत झालं नाही. कळवलं नाही.

काय झालं

मुंबईहून नोंदणी आली, नव्या फार्मासिस्टचं नाव परवान्यावर चढलं, सर मोकळे झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी औषध निरीक्षक नेहमीच्या तपासणीला आले. फार्मासिस्ट हजर, पांढऱ्या कोटावर नाव आणि नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्र भिंतीवर. मग त्यांनी एच-१ चं रजिस्टर मागितलं आणि तुटीची नोंद वाचली. नमुना ३५ च्या तपासणी वहीत शेरा आला, पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस. उत्तरात काही लपवलं नाही, केलेले बदल पुराव्यासकट जोडले. परवाना पंधरा दिवसांसाठी निलंबित झाला.

या आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडं तीन महिन्यांत अपील करता येतं, आणि पुष्कळ दुकानदार करतातच. मुलाची इच्छा होती. पण सगळं लेखी मान्य केल्यावर अपिलात मांडायचं काय, आणि मुंबईच्या खेपा कोण घालणार? पंधरा दिवस शटर खाली राहिलं.

सूनबाई बाळंतपणानंतर परतल्या. आता दोन फार्मासिस्ट असल्यानं दुपारचंही दुकान चालू असतं. तुटलेली गिऱ्हाइकं काही परत आली, काही नाही. झोपेच्या गोळ्यांसाठी येणारे बहुतेक आले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पर्यायी फार्मासिस्टची सोय सूनबाईंना दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच व्हायला हवी होती. घरातल्याच एका बाईच्या नावावर परवाना चालवणाऱ्या दुकानांत ही पंचाईत ठरलेलीच, आणि तरी दरवेळी ती अचानक आल्यासारखी वागणूक असते.

तुटीची माहिती आपणहून एफडीएला दिली असती तर निलंबन टळलं असतं का? खात्रीनं सांगता येत नाही. पण तूट आधी दुकानानं शोधली की निरीक्षकानं, हा प्रश्न तरी उरला नसता. मी असतो तर कळवलं असतं.

चौकशीतलं मोठं भगदाड वेगळंच. बाहेरून येणाऱ्या तरुणासाठी बेंगळुरूपर्यंत पत्रं गेली. नऊ वर्षं किल्ल्या हाताळणाऱ्या माणसाचं एक चारित्र्य प्रमाणपत्र काढलं, तेही सोबत म्हणून. त्याच्या हातून काय जातं-येतं हे एकदाही मोजलं नव्हतं, आणि मालकाच्या हातून काय जातं हे तर मोजायची कल्पनाच कुणाला सुचली नव्हती. दर महिन्याला एच-१ चा साठा जुळवणं हे कुठल्याही पडताळणीपेक्षा स्वस्त आहे. फक्त ते काम कपाटाची किल्ली ज्याच्याकडं आहे त्यानं करू नये.

बाळूचा प्रश्न अजून सुटलेला नाही. डी. फार्म.ला बारावी विज्ञान लागतं, त्यामुळं तो रस्ता त्याला बंद. मदतनिसासाठी कौन्सिलची नोंदणी नाही. त्या ६ पट्ट्या कुठं गेल्या हे कधीच कळलं नाही. त्याला काढलं नाही, पण कपाटाला हात लावायची मुभाही राहिली नाही, आणि नऊ वर्षांनंतर ते त्याला लागलं. गेल्या महिन्यात त्यानं अनुभवाचं पत्र मागितलं. कोल्हापुरातल्या एका मोठ्या मेडिकलमध्ये जागा आहे म्हणतो. तिथून फोन येणार हे नक्की. पत्रात काय लिहायचं आणि फोनवर काय सांगायचं, यावर अण्णा आणि सूनबाई यांचं अजून जमलेलं नाही.